फायरवॉल असूनही डीडॉस हल्ल्यात संस्थेचे संकेतस्थळ बंद पडू शकते का?

आपल्या संस्थेकडे ५०० एमबीपीएसची लीज्ड लाइन (केवळ संस्थेसाठी घेतलेली इंटरनेट जोडणी) आणि नवी फायरवॉल (नको असलेली रहदारी अडवणारी यंत्रणा) आहे, तर डीडॉस हल्ल्यासाठी, म्हणजे असंख्य यंत्रांवरून एकाच वेळी रहदारीचा मारा करून सेवा बंद पाडण्याच्या हल्ल्यासाठी, एवढे पुरेसे आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते नाही. फायरवॉल लाइनच्या आपल्या टोकाला बसलेली असते; लाइनच तुंबली, तर तिने नको असलेली पॅकेट (माहितीचे तुकडे) कितीही तत्परतेने फेकून दिली, तरी ती लाइन भरून मगच तिच्यापर्यंत पोहोचलेली असतात.

मी एका शैक्षणिक संस्थेचे नेटवर्क सांभाळतो. प्रवेशअर्जाच्या शेवटच्या दिवशी आमच्या लाइनचा आलेख एकाएकी कमाल मर्यादेला जाऊन तिथेच सपाट झाला. सेवा पुरवठादाराने आमचा आयपी पत्ता ब्लॅकहोल केला, म्हणजे त्या पत्त्याकडे येणारी सगळी रहदारी वाटेतच टाकून दिली. उरलेले नेटवर्क वाचले, पण संकेतस्थळ बंदच राहिले; हल्लेखोराला तरी दुसरे काय हवे होते?

पुढे आम्ही संकेतस्थळ सीडीएनच्या, म्हणजे आलेली रहदारी आधी स्वतःच्या अनेक सर्व्हरवर घेणाऱ्या सेवेच्या, मागे नेले आणि निश्चिंत झालो, ते चुकले. मेल सर्व्हर संकेतस्थळाच्याच यंत्रावर असल्यामुळे त्याच्या डीएनएस नोंदीत (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सार्वजनिक नोंदीत) त्या यंत्राचा मूळ पत्ता उघड होता आणि पुढचा मारा थेट तिथेच झाला. म्हणून सीडीएन घेतल्यावर मूळ सर्व्हरचा पत्ता बदलावा, मेल वेगळीकडे हलवावी आणि त्या सर्व्हरकडे येणारी वेब रहदारी केवळ सीडीएनच्या पत्त्यांवरून स्वीकारली जाईल, असे नियम पुरवठादाराच्या राउटरवरच लावून घ्यावेत.

२८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या सॉफ्टवेअर कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर १.३५ टेराबिट प्रतिसेकंद एवढा मारा झाला, कारण इंटरनेटवर उघडे राहिलेले मेमकॅश्ड सर्व्हर (माहिती तात्पुरती साठवणारे सर्व्हर) छोट्या विनंतीला ५१,००० पटींपर्यंत मोठे उत्तर, तेही हल्लेखोराने प्रेषक म्हणून खोटाच दिलेल्या गिटहबच्या पत्त्यावर, पाठवत होते. गिटहबने रहदारी अकामाई या असा मारा गाळून देणाऱ्या कंपनीकडे वळवली आणि सेवा दहाएक मिनिटांत सुरळीत झाली. एवढा मारा आपल्यावर होईल असे नाही, पण रहदारी वळवण्याचा करार आधीच झालेला असावा. ऐन वेळी तो खरेदी समितीपुढे मांडता येत नाही.

काही हल्ल्यांत मात्र लाइन रिकामीच दिसते. शोधाच्या पानावर सेकंदाला काहीशे विनंत्या आल्या, तरी डेटाबेस गुडघे टेकतो. तिथे विनंत्यांच्या वेगावर मर्यादा आणि कॅशे (तयार उत्तरे साठवून ठेवणे) उपयोगी पडतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कोणताही डीडॉस हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावा लागतो, तेव्हा लॉग (यंत्रांनी केलेल्या घडामोडींच्या नोंदी) जपून ठेवावेत.

पुरवठादाराच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक आणि आपला सर्किट क्रमांक (पुरवठादाराने आपल्या लाइनला दिलेला ओळख क्रमांक) कागदावर लिहून भिंतीवर लावा. आमचे दोन्ही ईमेलमध्ये होते, ईमेल त्याच लाइनवर होती आणि कार्यालयातले आयपी फोनही त्याच लाइनवर होते.