बोर्डाने 30 टक्के अपंगत्व दिलं तरी वडिलांची डिसॅबिलिटी पेन्शन का नाकारली? 30 चे 50 कसे होतात?

टक्क्यांचं नंतर बघू. वडील 2016 ला लष्करातून सुटले म्हणताय, तर आधी त्यांच्या रिलीज मेडिकल बोर्डाचा (सुटताना होणाऱ्या वैद्यकीय तपासणीचा) कागद काढा आणि 'ॲट्रिब्युटेबल' व 'ॲग्रॅव्हेटेड' हे रकाने वाचा. अपंगत्व सेवेमुळे आलं का, की सेवेमुळे वाढलं? दोन्हीकडे 'नो' असेल तर 30 काय नि 80 काय, डिसॅबिलिटीचा पैसा मिळत नाही.

माझं तेच झालं. 2007 च्या जानेवारीत बर्फात गस्तीवर घसरलो आणि उजवा गुडघा पिरगळला. सीनियर म्हणाले, "रिपोर्ट केलास तर लो मेडिकल कॅटेगरी लागेल, प्रमोशन विसर." एमआय रूममधून, म्हणजे युनिटच्या दवाखान्यातून गोळ्या घेतल्या, क्रेप बँडेज गुंडाळलं आणि गप्प बसलो. इंज्युरी रिपोर्ट झालाच नाही. 2015 ला 17 वर्षं भरून नाईक म्हणून सुटलो, तेव्हा बोर्डाने 20 टक्के दिले आणि शेरा मारला, सेवेशी संबंध नाही. पहिलं अपील दोन ओळींत फेटाळलं.

त्याच उन्हाळ्यात पुतणीचं लग्न होतं. पंगत बसली. मला मांडी घालता येत नाही, म्हणून भिंतीकडे खुर्ची ओढून ताट मांडीवर घेतलं. दादा चार लोकांत म्हणाला, "दोन्ही पाय शाबूत, आणि अपंगाची पेन्शन मागतोय." घास तसाच हातात राहिला.

दादासारखा विचार करणारे गावोगावी आहेत. त्यांच्या लेखी अपंग म्हणजे कुबडी. अहो, भरतीच्या वेळी मला 'शेप वन', म्हणजे पूर्ण तंदुरुस्त म्हणून घेतलं होतं, हा गुडघा घेऊन कोणी घेतलं नसतं. सर्वोच्च न्यायालयानेही 2013 साली धरमवीर सिंग खटल्यात तेच धरलं: भरतीच्या कागदांत आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे झाला असं मानायचं, आणि तसं नसेल तर ते सरकारने सिद्ध करायचं. आपल्या हक्काचं मागायला लाज कसली?

मी सशस्त्र दल न्यायाधिकरणात गेलो. एमआय रूमची त्या दिवसाची एका ओळीची नोंद आणि मला खांद्यावर धरून पोस्टवर आणणाऱ्या जोडीदाराचं प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर जिंकलो.

आता तुमचे 30. याला ब्रॉड बँडिंग म्हणतात. 50 च्या खाली असेल तर 50 धरतात, 50 ते 75 ला 75, त्यावर 100. आधी हे फक्त आजारपणामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना मिळायचं. डिसेंबर 2014 च्या राम अवतार निकालाने मुदत भरून सुटलेल्यांनाही लागू झालं. 100 टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या 30 टक्के डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग असतो. पगार 40,000 असेल तर पूर्ण 12,000, त्यातले 30 टक्के म्हणजे 3,600, पण 50 धरले की 6,000. वर महागाई सवलत.

मात्र मुळात 20 टक्के तरी हवेत, 15 चे 50 होत नाहीत. युद्धातल्या जखमेचा हिशोब वेगळा आणि जास्त आहे. सप्टेंबर 2023 नंतर सुटलेल्यांना नवे नियम लागतात, हे तुमच्या वडिलांना लागू नाही.

वकिलाकडे जाण्याआधी वडिलांजवळ बसा आणि दुखापत झाली त्या दिवशी ड्युटीवर सोबत कोण होतं ते विचारा. नाव, गाव, जे आठवेल ते लिहून घ्या. माझ्या जोडीदाराचा पत्ता मला तीन महिन्यांनी सापडला.