टाकीवरचं नाव नंतर, आधी इंजन बघा : जुन्या जपानी ट्रेल गाड्यांवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या जपानी ट्रेल गाड्यांचा नुसता ओझरता उल्लेख केला होता, म्हणजे साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या त्या उंच मडगार्डच्या, सायलेन्सर वर उचललेल्या, लाइट-हॉर्न असल्यामुळं रस्त्यावर पण चालणाऱ्या आणि बांधावरून पण जाणाऱ्या गाड्या, तर त्यावर इतके फोटो आणि प्रश्न आलेत की या वेळी सगळी जागा त्यांनाच देतोय.

एक आधीच सांगतो. या गाड्या आपल्याकडं कंपनीनं कधी शोरूममध्ये विकल्याच नाहीत. ऐंशीच्या दशकात सुझुकी, होंडा, यामाहा, कावासाकी सगळे इथल्या कंपन्यांशी हात मिळवून आले, पण आणल्या त्या रोडच्या गाड्या. त्यामुळं मराठवाड्यात खरी ट्रेल दिसलीच तर ती कुणीतरी आखातातून आणलेली नाहीतर मुंबई-हैदराबादहून चार हात फिरून आलेली असते, आणि बाकीच्या इथल्याच गॅरेजात 'बनवलेल्या'. म्हणून कुठली गाडी भारी यापेक्षा समोर उभी आहे ती नेमकी कोण, हा प्रश्न पहिला येतो.

दादा, मामा सौदीला होते, येताना त्यांनी एक गाडी आणली होती, ती कित्येक वर्षं झाली शेतातल्या आखाड्यावर पडून आहे. टाकीवर नाव नाही, लाल रंग मामांनीच मारलेला. सिंगल सिलिंडर टू-स्ट्रोक आहे पण कार्बोरेटरच सापडंना, सिलिंडरच्या मागं काहीच नाही. मेकॅनिक म्हणायलाय की कुणीतरी काढून विकला. खरं असंल का? — एक वाचक, वसमत

मेकॅनिकला म्हणावं जरा दम धर, कार्ब बहुतेक गाडीतच आहे. इंजनाच्या उजव्या बाजूचं कव्हर बघा. पेट्रोलची नळी आणि ॲक्सिलेटरची केबल वरून खाली येऊन रबराच्या बुचातून त्या कव्हराच्या आत घुसतायत का? घुसत असतील तर कार्ब त्या कव्हराच्या पोटात बसलाय. याला रोटरी डिस्क व्हॉल्व्ह म्हणतात. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या जोरानं इंजनात गोल फिरणाऱ्या दांड्याच्या, उजव्या टोकाला एक पातळ गोल चकती असते, तिला एका बाजूला काप असतो, क्रँकसोबत चकती फिरली की कापाएवढा वेळच कार्बकडून येणारी वाट उघडी राहते आणि मग बंद होते. साध्या टू-स्ट्रोकमध्ये हे काम पिस्टन वर-खाली होताना स्वतःच करतो, चकतीत मात्र उघडायची वेळ वेगळी आणि मिटायची वेळ वेगळी ठेवता येते म्हणून कमी आरपीएमला पण गाडी चांगली ओढते. तोटा असा की इंजन रुंद होतं आणि कार्ब साफ करायचा म्हणलं तरी कव्हर उघडावं लागतं.

हे बघितल्यावर पहिलं नाव कावासाकीचं घ्यायचं. १९७० ची एफ५ बिगहॉर्न ३५०, तिच्या मागची एफ७ १७५, पुढं केई१०० आणि केई१२५, सगळ्या याच जातीच्या. पण यावरच मोहोर मारू नका, कारण सुझुकीच्या ९०-१०० सीसीच्या बारक्या टीएसमध्ये पण चकतीच होती आणि यामाहाच्या साठच्या दशकातल्या काही बारक्या गाड्यांत पण, आणि उलटं कावासाकीच्याच एफ११ २५० मध्ये कार्ब बाकीच्यांसारखा सिलिंडरच्या मागं होता. मग ठरवायचं कसं? रंग मारला तरी ऑइलच्या टाकीवर, पंपाच्या कव्हरवर किंवा साइड पॅनलवर इंजनाला ऑइल पुरवणाऱ्या सिस्टीमचं नाव कुठंतरी राहिलेलं असतं. 'ऑटोल्यूब' असेल तर यामाहा, 'सीसीआय' असेल तर सुझुकी, 'इंजेक्टोल्यूब' किंवा 'सुपरल्यूब' असेल तर कावासाकी. त्यानंतर हँडलखालच्या नळीवरचा रंग थिनरनं हळू काढा, पत्र्याच्या ब्रशनं घासू नका, आणि आरटीओत एजंट लोक घेतात तशी चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट कागदावर घ्या. सुझुकी आणि कावासाकीच्या त्या काळच्या नंबराची सुरुवातच मॉडेलच्या अक्षरांनी होते, टीएस१८५ असेल तर नंबर टीएस१८५ नंच सुरू होतो, त्यामुळं प्रिंट नीट आली की निम्मं काम झालं.

आणि कृपा करून लगेच किक मारत बसू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, एक-दोन दिवस राहू द्या, मग हातानं किक दाबून इंजन फिरतंय का बघा. फिरलं तरी क्रँकचे सील बदलल्याशिवाय लांब पळवू नका, इतक्या वर्षांत ते वाळून कडक झालेले असतात, तिथून हवा ओढली जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन पकडतो, म्हणजे सिलिंडरमध्येच जाम होतो. मामांची गाडी आहे, घाई कशाला.

सर, व्हॉट्सॲपवर एक गाडी आलीय, '१९७५ ची ओरिजिनल जपानी यामाहा डीटी, दीड लाख फायनल'. फोटो पाठवलेत. मागं दोन शॉकअप नाहीत, सीटच्या खाली एकच उभा शॉकअप आहे. घेऊ का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

नका घेऊ. निदान या नावानं आणि या भावात तरी नका.

आधी सालाचं बघू. डीटीचा वंश १९६८ च्या डीटी-१ पासूनचा, २४६ सीसी, जपान्यांची पहिली खरीखुरी ट्रेल गाडी म्हणून लोक तिचंच नाव घेतात. तिला मागं दोन शॉकअप होते. एका शॉकअपची कल्पना लुसियाँ टिल्केन्स नावाच्या बेल्जियमच्या इंजिनिअरची, यामाहानं ती घेऊन आधी मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीच्या, वायझेडवर १९७५ च्या सुमाराला आणली आणि लाइटवाल्या डीटीवर १९७७ पासून. म्हणजे १९७५ ची डीटी आणि एक शॉकअप हे जमतच नाही.

बरं, साल चुकून सांगितलं असंल म्हणून सोडून देऊ. पण खऱ्या डीटीचा तो शॉकअप सीटखाली उभा नसतो, तो लांबलचक असतो आणि टाकीच्या खालून चेसिसच्या मधल्या नळीला धरून जवळपास आडवा गेलेला असतो. तुमच्या फोटोतला उभा शॉकअप म्हणजे आजच्या कुठल्यातरी गाडीचा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणून वेल्डिंग केलंय. आणि सायलेन्सर वर वळवलाय खरा पण ब्लॉक, हेड, क्लच कव्हर बघितलं की आपल्या आरएक्स१०० ची आठवण येतेच येते.

खात्री करायला विकणाऱ्याकडून दोनच फोटो मागवा, इंजन नंबरचा आणि चेसिस नंबरचा. त्या काळच्या यामाहात दोन्ही नंबर सारखेच असायचे, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत. वेगळे निघाले तर इंजन किंवा चेसिस बदललीय एवढं नक्की. (होंडाला हा नियम लावू नका, तिथं दोन्ही नंबर मुळातच वेगळे, इंजन नंबरात मॉडेलच्या मागं एक ई जास्तीचा असतो, म्हणजे चेसिसवर एक्सएल२५० तर इंजनावर एक्सएल२५०ई.) आणि सुरुवातीलाच १एल१ दिसलं तर पुढं वाचायची पण गरज नाही, ते आरएक्स१०० चे आकडे आहेत, कुठल्याही यामाहाच्या मेकॅनिकला झोपेतून उठवून विचारा.

चाकावरून ओळखायला जाल तर जरा जपून. ट्रेल म्हणजे पुढं २१ इंची चाक असं सगळे सांगतात, पण पहिल्या डीटी-१ ला पुढचं चाक १९ इंचीच होतं. मात्र पुढं-मागं दोन्ही १८ इंची आणि बारीक टायर असतील तर ती गाडी रोडचीच.

हौसेला बनवलेली गाडी वाईट असते असं मी म्हणत नाही, काही पोरं लई सुंदर काम करतात. तिचे पैसे तिच्या कामाचे द्या, जपानचे देऊ नका.

एक्सएल २५०, डीटी २५० आणि टीएस १८५ यात दम कुणात? आमच्याकडं काळं रान, पावसाळ्यात चाकाला चिखल बसला की गाडी जागेवर उभी. — एक वाचक, माजलगाव

तुमच्या काळ्या रानातच ट्रेल गाडीची रचना नीट कळते. रोडच्या गाडीचं पुढचं मडगार्ड टायरला चिकटून असतं, काळी माती मधी भरते, दोन वेढ्यांत चाक जाम होतं आणि मग पोरं काडीनं माती उकरत बसतात. ट्रेलला मडगार्ड वर टांगलेलं असतं, चाकाला माती बसली तरी फिरायला जागा राहते. सायलेन्सर वर, फुटरेस्ट दुमडणारे, हँडल रुंद, हे सगळं त्याच हिशोबानं.

आता दमाचं. होंडा एक्सएल२५० आली १९७२ ला, फोर-स्ट्रोक, एकाच सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, त्या काळात मोठ्या संख्येनं बनणाऱ्या सिंगलमध्ये हे नवीनच होतं. ती खालून सावकाश ओढते, उतारावर गिअरमध्ये सोडली की इंजनच गाडी धरून ठेवतं, आणि पेट्रोलला पण बरी. पण जड आहे. रानात चिखलात आडवी पडली आणि तुम्ही एकटे असाल तर उचलताना होंडाचं कौतुक विसराल. डीटी आणि टीएस दोन्ही टू-स्ट्रोक, हलक्या, इंजनात भाग कमी म्हणून कुठलाही टू-स्ट्रोकवाला मेकॅनिक हात घालू शकतो. उतारावर मात्र टू-स्ट्रोक इंजन धरत नाही, ब्रेकच मारायचा, आणि ब्रेक जुने ड्रमचे, पाणी गेलं की देवाचं नाव. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या रानाला २५० ची गरजच नाही, टीएस१८५ किंवा डीटी१७५ मिळाली तर डोळे झाकून घ्या (नंबर बघून झाल्यावर).

एक्सएलमध्येच एक सापळा आहे. १९७८ पासूनच्या एक्सएल२५०एस ला पुढचं चाक २३ इंची आहे. ओळखायला एकदम सोपी, पुढून बघितलं की चाक उगाच मोठं वाटतं, पण तो टायर शोधता शोधता जीव जाईल, शेवटी लोक २१ इंची रिम बसवतात.

कुणीतरी यामाहा एक्सटी५०० बद्दल पण विचारलंय. १९७९ ची पहिली पॅरिस-डाकार रॅली सिरिल नव्होनं तिच्यावरच जिंकली, त्यामुळं नाव मोठं. तिची किक हा वेगळा विषय आहे, हेडवर एक बारकी काचेची खिडकी असते, तिच्यात खूण दिसेपर्यंत हँडलवरची लिव्हर दाबून पिस्टन जागेवर आणायचा आणि मगच किक. न बघता मारली तर पाय परत फेकते.

माझ्या मित्राकडं दोन सिलिंडरची जुनी होंडा आहे, दोन्ही सायलेन्सर डावीकडून वर गेलेत. तो ट्रेल म्हणतो, मी नाही म्हणतो. पैज लागलीय. — एक वाचक, परभणी

पैज तुम्ही जिंकली. ती सीएल असणार, म्हणजे रोडच्याच गाडीला वरचा सायलेन्सर आणि रुंद हँडल लावलेली स्क्रॅम्बलर. दिसायला रानातली, स्वभावानं रस्त्यावरची. त्यातल्या त्यात रानात घालायसारखी होंडा म्हणजे एसएल, एसएल३५० पण दोन सिलिंडरचीच पण तिचे सायलेन्सर दोन बाजूंनी जातात. मित्राला चहा पाजा, पैसे त्यानंच द्यायचेत.

गाडी १९७४ ची आहे, आरसी जुनी फाटकी आहे. विंटेजमध्ये नोंदवता येईल का? आणि आता पंपावरचं इथेनॉलवालं पेट्रोल चालतं का? — एक वाचक, नांदेड

२०२१ च्या नियमाप्रमाणं पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या दुचाकी-चारचाकीला विंटेज म्हणून नोंदवता येतं, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, १० वर्षांनी परत नोंदवायला ५ हजार, आणि नंबरात व्हीए अक्षरं येतात. आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण इंजन, चेसिस, बॉडीत मोठा फेरफार केलेला चालत नाही, आणि विंटेज झाली की रोज बाजारात भाजी आणायला न्यायची नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं असल्या कामापुरतीच बाहेर. बाहेरून आलेल्या गाडीला कस्टमचा कागद लागतो, तो मामा-काकांच्या ट्रंकेत आधी शोधा.

ई२० चं म्हणाल तर चालते, पण जुनं रबर त्यात फुगतं नाहीतर चिरतं. पेट्रोलची नळी, कार्बची रबरं, कॉकचं वॉशर नव्या पेट्रोलला टिकणारं टाका, टाकी आतून गंजली असेल तर आधी साफ करून घ्या. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बमधलं पेट्रोल खालच्या स्क्रूतून काढून टाका.