पॅरिश शाळेतलं पहिलं वर्ष

प्रिय बाळा,

वांद्र्याच्या पॅरिश शाळेत, म्हणजे चर्चच्या शाळेत, तुला तिसरीचा वर्ग मिळाला, फार आनंद झाला. पाठ कसा घ्यायचा ते तू डी.एड.ला शिकलीस. वर्षभर त्या वर्गात स्वतः टिकायचं कसं, हे तिथे कुणी शिकवत नाही. चांगल्या शिक्षिका दिवाळीच्या आतच खचतात त्या यामुळे.

आधी वह्यांचा हिशेब. वर्गात 50 मुलं, 4 विषय धर. 200 वह्या, एका वहीला दीड मिनिट, म्हणजे आठवड्याला 5 तास. हे सगळं शुक्रवारवर ढकललंस की वह्यांची पिशवी विरार लोकलमधून तुझ्याबरोबर नालासोपाऱ्याला जाणार आणि रविवारची दुपार खाणार. त्यापेक्षा वर्गाच्या पाच रांगा कर. सोमवारी पहिल्या रांगेतल्या 10 मुलांच्या चारही वह्या, मंगळवारी दुसऱ्या रांगेच्या. रोज 40 वह्या, एक तास. 35 मिनिटांच्या दोन फ्री पिरियडमध्ये हे बसतं. डिक्टेशन आणि पाढे मुलांनी वह्या बदलून एकमेकांचे तपासावेत. तुझं लाल पेन निबंधाला आणि नव्या गणितांना. हा हिशेब चुकतो तो प्रॉक्सीमुळे, म्हणजे दुसऱ्याचा तास घ्यावा लागल्यामुळे. कुणी रजेवर गेलं की तुझा फ्री पिरियड गेलाच. म्हणून जूनमध्येच सुपरवायझरना विचारून ठेव, दोनांपैकी कोणता शक्यतो मोकळा राहील. शिक्षण हक्क कायदा आपल्या अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, पण त्यातही शिक्षकाचे आठवड्याचे किमान 45 तास सांगितलेत ते तयारीचा वेळ धरूनच. तेव्हा हे विचारताना संकोच नको.

आता घसा आणि पाणी. शिक्षिका पाणी कमी पितात, कारण वर्ग सोडून बाथरूमला जाता येत नाही. त्यातून घसा कोरडा पडतो आणि लघवीला जळजळ सुरू होते. शेजारच्या वर्गातल्या टीचरशी ठरवून टाक: दुसऱ्या आणि पाचव्या तासाला 5 मिनिटं ती तुझ्या दारात उभी राहील, तू तिच्या. बाटली टेबलावर ठेव, दर तासाला चार घोट. पावसाळ्यात बाहेर रस्ता, वर पंखा, त्यावर आवाज चढवू नकोस. तीन टाळ्या ठरवून घे, मुलं दोन टाळ्यांनी उत्तर देतील, मग बोल. सारखं घसा खाकरणं टाळ, त्याने स्वरतंतूंवर घाव बसतो; एक घोट पाणी गिळ. आवाज तीन आठवडे बसलेला राहिला तर काढे बंद कर, नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

सगळ्यात अवघड गोष्ट आपल्याच शाळांची आहे. इथे कामाला पाचारण, म्हणजे देवाची हाक, म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण म्हणूनच फादरना किंवा सिस्टरना नाही म्हणायला जीभ रेटत नाही. रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग, सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेची गडबड, त्याच सुमारास सत्र परीक्षेची तयारी, डिसेंबरात कॅरल्स आणि नाताळचं नाटक. नवी आहे, तरुण आहे, म्हणून प्रत्येक यादीत तुझंच नाव येईल. सरळ नकार देऊ नकोस. विचार, ‘‘फादर, हे मी आनंदाने घेते, मग नाटक कुणाकडे देऊ?’’ फादरना बहुतेक वेळा ठाऊकच नसतं की नाटकही तुझ्याकडेच आहे. वर्षाला मोठी कामं दोनच घे. दमून आलेल्या प्रेषितांना येशूने एकांतात जाऊन थोडा विसावा घ्यायला सांगितलं, ते मार्काच्या सहाव्या अध्यायात आहे. चर्चमध्ये मिस्सेला ते ऐकणाऱ्या शाळेला तुझा विसावाही समजला पाहिजे.

थकवा सगळ्यात आधी एखाद्या मुलावर निघतो. आठवडाभर एकाच मुलाचं नाव तू चढ्या आवाजात घेत असशील, तर आधी तुझी झोप तपास. मारणं आणि मानसिक छळ दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये बंदी आहे; आपल्या शाळेतही तेच धर. दमलेला हात मात्र कायदा आठवण्याआधी उठतो. राग चढतोय असं वाटलं की मुलांना चित्रकलेची वही काढायला सांग, खिडकीपाशी जा, दहा श्वास मोज. संध्याकाळी हेडमिस्ट्रेसना स्वतःहून सांग की या मुलाशी माझं जमत नाहीये, मदत हवी. यात तुझी नाचक्की नाही. हे ऐकून घेणं त्यांचं कामच आहे.

नेमणुकीचं पत्र लेखी घे, त्यात परिवीक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा, काळ बघ आणि झेरॉक्स घरी ठेव.

वेळापत्रक हाती आलं की त्याचा फोटो पाठव. फ्री पिरियड कुठे पडलेत ते बघून रांगा कोणत्या दिवशी लावायच्या ते ठरवू.

तुझी,
मावशी