वाचक विचारतात: फेंडी, स्किम्स आणि प्रतीक्षायादी

प्रश्न: माझी भाची पुण्यात वस्त्ररचनेचे शिक्षण घेते. तिच्याकडून फेंडी आणि स्किम्स यांच्या एकत्रित संग्रहाविषयी ऐकले. फरच्या कोटांसाठी नावाजलेल्या घराण्याने अंतर्वस्त्रांच्या कंपनीशी हातमिळवणी का करावी? आणि कपडे विकण्याआधी ग्राहकांना संकेतस्थळावर नावे नोंदवायला का लावावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: फेंडीची सुरुवात १९२५ मध्ये रोममध्ये झाली. दोन ‘एफ’ची तिची प्रसिद्ध खूण वस्त्ररचनाकार कार्ल लागरफेल्ड यांनी १९६५ मध्ये ‘फन फर’ (गमतीदार फर) या शब्दांवरून तयार केली. अमेरिकी दूरचित्रवाणी तारका किम कार्दाशियन यांची अंतर्वस्त्रांची कंपनी स्किम्स मात्र २०१९ मधली. तिचे नाव आधी ‘किमोनो’ ठरले होते, पण ते जपानच्या पारंपरिक पोशाखाचे नाव असल्याने तेथील क्योटो शहराच्या महापौरांसह अनेकांनी आक्षेप घेतल्यावर ते बदलावे लागले.

या सहयोगाचे मूळ एका बैठकीत असल्याचे फेंडीचे तेव्हाचे कलादिग्दर्शक किम जोन्स सांगत. काम चालू असताना खोली एकाएकी शांत झाली. पाहतात तर त्यांच्या सहकारी स्त्रिया मोबाइलवर डोळे लावून स्किम्सचा नवा माल खुला होण्याची वाट पाहत होत्या. आमच्या मते आपल्या पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या प्रसंगात आहे, कारण ज्यांच्या हातून उंची कपडे घडतात त्याच स्त्रिया अंगालगतच्या कपड्यासाठी दुसऱ्या दारात ताटकळत असतील, तर ते दार आपलेसे करणे व्यापाऱ्याला सुचणारच. उरलेले निम्मे उत्तर मापांमध्ये आहे. उंची वस्त्रांची दुकाने सहसा सडपातळ बांध्यापुरती मापे ठेवतात, तर स्किम्सने ‘डबल एक्स-स्मॉल’पासून ‘फोर एक्स-एल’पर्यंतची मापे हीच आपली ओळख केली आहे. फेंडीला त्यातून नवा ग्राहक मिळतो, स्किम्सला रोमची प्रतिष्ठा. यात स्किम्सचा लाभ अधिक, असे आम्हांस वाटते.

आता नोंदणीविषयी. हा संग्रह ९ नोव्हेंबर २०२१ रोजी विक्रीस आला, आणि पहिल्याच मिनिटात सुमारे दहा लाख डॉलरची विक्री झाल्याच्या बातम्या आल्या. प्रतीक्षायादीत नाव घालणारी ग्राहक आपला ई-मेल पत्ता, आणि विचारल्यास आवडता नग व मापही, स्वतःहून देते. विक्रेत्याला त्यामुळे जाहिरातीवर वेगळा खर्च न करता मागणीचा अंदाज येतो, आणि ठरलेल्या क्षणी शेकडो बोटे एकाच बटणावर आणता येतात. ताणल्या जाणाऱ्या विणीवर उठवलेली ती ‘एफ’ची जोडी तशी साधीच दिसते. तिची किंमत माल थोडा आणि रांग लांब असण्यावर ठरते. (लग्नसराईत पैठणीसाठी येवल्याला खेप घालणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको; तिथे निदान पदर हातात घेऊन पाहता येतो.)

स्किम्सने पुढे २०२३ मध्ये स्फटिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्वारोव्स्कीबरोबर आणि २०२४ मध्ये डोल्चे अँड गबाना या इटालियन फॅशन घराण्याबरोबर असेच संग्रह आणले. आपल्या भाचीने या तिन्ही संग्रहांची मापे आणि किमती एका कागदावर समोरासमोर मांडून पाहाव्यात. महाविद्यालयातील प्रकल्पासाठी तो विषय पुरेसा आहे.