सामान अडकवून पैसे उकळणाऱ्यांबद्दल

परदेशी राहायला जाताना घरसामान जहाजाने पाठवायचंय, पण शिपिंग कंपनी फसवी निघाली तर काय, असं तुम्ही विचारलंत. व्हिसा आणि कस्टमचे नियम सरकारी साइटवर मिळतील, त्यात मी पडत नाही. पैसे घेऊन पळणारे असतातच, पण मला धास्ती दुसऱ्यांची वाटते. सामान खरोखर जहाजावर चढतं, बंदरात उतरतं आणि मग फोन येतो: ‘माल ठरल्यापेक्षा जास्त निघाला, फरक भरा, तोवर सोडणार नाही.’ वर रोजचं गोदामभाडं चढतं. आम्ही भांडलो, शेवटी भरले.

म्हणून कपाटं उघडून न बघता फोनवरच आकडा सांगणाऱ्याला तिथेच नाही म्हणा. कोटेशन लेखी घ्या, त्यात घनमीटर हवेत. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर मावतात, त्यावरून अंदाज येतो. ‘डोअर टू डोअर’मध्ये तिकडचे बंदराचे आकार धरलेत का, विचारा. तिकडे माल ताब्यात घेणारा एजंट कोण, त्याचं नाव आत्ताच मागा आणि त्याच्याशी स्वतः बोला. ‘फिडी’ (FIDI) या घरसामान परदेशी हलवणाऱ्या कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे सदस्य म्हणवत असतील तर फिडीच्या यादीत शोधा, लेटरहेडवर चिन्ह कोणीही छापतं. सगळी रक्कम आगाऊ देऊ नका, कुणाच्या वैयक्तिक खात्यात तर मुळीच नाही.

जहाज सुटलं की बिल ऑफ लॅडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याची पावती, आणि कंटेनर नंबर मागा. कंटेनर नंबर म्हणजे चार अक्षरं, सात आकडे. तो जहाज कंपनीच्या साइटवर टाकला की कंटेनर कुठे आहे ते दिसतं.

खोकी त्यांनाच भरू द्या, कारण आपण भरलेल्या खोक्यातल्या फुटतुटीची भरपाई विमावाले सहसा देत नाहीत. पण शेजारी उभे राहा. आमच्याकडे त्यांनी टेबलाचा खण सरसकट खोक्यात ओतला, त्यात मुलीचे शाळेचे दाखले होते. कंटेनर अडकला आणि मूळ कागद नाहीत म्हणून शाळेने तिला एक इयत्ता खाली बसवलं. किती विनवण्या केल्या! सामान सुटलं तेव्हा ‘आता वर्ष निम्मं सरलं, बदलता येणार नाही,’ म्हणाले. मुलगी हल्ली तो विषयही काढत नाही. माझा राग मात्र गेलेला नाही, आणि तो त्या कंपनीवर जास्त आहे की शाळेवर, हेही मला ठरवता येत नाही.

एकटं वाटेल का, असंही विचारलंत. वाटतं, आणि कामाला लागलं की निभावतं. मुलांचे दाखले, जन्मदाखला, लसीकरणाची नोंद मात्र पॅकर्स यायच्या आदल्या रात्रीच विमानात सोबत न्यायच्या बॅगेत घाला.