वासुदेवाची टोपी डोळ्यांवर का येते?

तुमच्या मुलाची वासुदेवाची टोपी गिरकी घेताना डोळ्यांवर येते, आणि आतून स्पंज लावून घट्ट केली तरी ढळतेच, हे वाचताना मला आमच्या मुलाचे स्नेहसंमेलन आठवले. टोपीचा शंकू बेतण्याविषयी फारसे सांगत नाही; घेर ५४ सेंटिमीटर आणि तिरकी उंची ४० असेल, तर ४० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा सुमारे ७७ अंशांचा तुकडा लागतो, जोडासाठीची पट्टी वेगळी.

शेंड्यावर पितळी कळस बसवल्याचे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. माझ्या मते सगळा दोष त्यातच आहे. मीही वेशभूषेचे सामान विकणाऱ्या एका दुकानदाराच्या आग्रहावरून शंभर ग्रॅमचा कळस घेतला होता. पुठ्ठ्याच्या पोकळ शंकूचा भारमध्य बुडापासून एक तृतीयांश उंचीवर, म्हणजे साधारण १३ सेंटिमीटरवर असतो. दीडशे ग्रॅमच्या टोपीवर असा कळस चढवला की हा भारमध्य २३ सेंटिमीटरच्याही वर जातो. मग घेर कितीही घट्ट करा, मान लवली की टोपी कलंडणारच. आमच्या मुलाने दुसऱ्या कडव्यापासून डावा हात टोपीवरून काढलाच नाही. टाळ मनगटाला लोंबकळत राहिला आणि उजव्या हातातल्या चिपळ्या तेवढ्या वाजल्या. दोन महिने पाठ केलेले गाणे होते ते. त्या दुकानदाराने टोपी एकदा तरी मुलाच्या डोक्यावर ठेवून पाहायला सांगितले असते, तर एवढे झाले नसते, याचे मला अजूनही वाईट वाटते.

पुढच्या वर्षी टेबल टेनिसच्या चेंडूवर कार्डशीटचा लहान शंकू चिकटवून सोनेरी कागद लावला. चेंडूचे वजन तीन ग्रॅमही नसते, आणि प्रेक्षकांतून तो कळस पितळीच वाटला. बुडाला आतून मलमलीची जाड घडी शिवली आणि कानांमागून नाडी घेऊन हनुवटीखाली बांधली. प्रत्येकाच्या डोक्याची ठेवण वेगळी, त्यामुळे तुम्हाला नाडी थोडी पुढेमागे करावी लागेल.

पिसांबद्दलही माझे मत ठाम आहे. मोराची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि दुकानातले पीस गळालेले की उपटलेले, हे मला तरी ओळखता येत नाही. म्हणून आम्ही हिरव्या-निळ्या घोटीव कागदाचे डोळे कापून खालून वर, एकावर एक थोडे चढवत लावले. गोंद मात्र अगदी पातळ लावावा, नाहीतर कार्डशीट ओल धरते आणि शंकूला पोक येतो.