भेंडीवर कसला आलाय अभ्यास?

प्रश्न : माझी मुलगी परभणीच्या कृषी विद्यापीठात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. भेंडीच्या हळद्या रोगावरचा विषय मिळालाय, त्यामुळे दिवसभर प्लॉटवर असते. दिवाळीला भावकीतले एक शिकलेले गृहस्थ आले होते. ते तिला म्हणाले, ‘भेंडीवर कसला आलाय अभ्यास? परभणीच्या संशोधनाला बाहेर कोण विचारतं? प्रबंध बांधायचा अन् कपाटात ठेवायचा.’ पोरीनं ते मनाला लावून घेतलंय. या विद्यापीठातल्या एखाद्या अभ्यासाची बाहेर खरंच दखल घेतली गेली आहे का? आणि दुसरं, आम्ही पूर्वी ‘परभणी क्रांती’ भेंडी लावायचो. आता तिच्यावरही हळद्या येतो. लावावी का?
– एक शेतकरी वाचक, ता. सेलू, जि. परभणी

उत्तर : तुमचे दोन प्रश्न वेगळे नाहीत. ज्या ‘परभणी क्रांती’बद्दल तुम्ही विचारता, तीच त्या गृहस्थांना दाखवायची. मी बरीच वर्षं कृषी वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि पैदाशीचा धडा आला की दरवेळी याच भेंडीपासून सुरुवात केली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हळद्या तुम्ही पाहिलेलाच आहे. आधी पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, हिरव्या पानावर पिवळी जाळी दिसते, मग सगळं पानच पिवळं होतं. फळ पांढुरकं, निबर निघतं आणि बाजारात त्याला कुणी हात लावत नाही. या रोगाची नोंद १९२४ साली आपल्याच मुंबई इलाख्यात झाली. रोग विषाणूचा, तो पसरवते पांढरी माशी. विषाणूवर फवारा चालत नाही, फवारायचं ते माशीवर, आणि माशी शेजारच्या वावरातून पुन्हा येते. १९७४ साली सास्त्री आणि सिंग यांनी नुकसान मोजलं. उगवणीनंतर ३५ दिवसांत रोग लागला तर उत्पादन सुमारे ९४ टक्के जातं, ५० दिवसांनी लागला तर ८४ टक्के, ६५ दिवसांनी लागला तरी जवळपास निम्मं. म्हणजे ज्याच्या भेंडीला लवकर रोग लागला, त्याचा तोडणीचा खर्चही निघत नाही.

त्या काळी देशभर दिल्लीची ‘पुसा सावनी’ लावली जायची. सुरुवातीला ती हळद्यापुढे टिकली, नंतर तीही पिवळी पडू लागली. लागवडीतल्या भेंडीत टिकाऊ प्रतिकारशक्ती सापडेना, म्हणून परभणीत एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी भेंडीच्या जंगली भाऊबंदांकडे मोर्चा वळवला. त्यातलीच एक ‘अ‍ॅबेलमॉस्कस मॅनिहॉट’.

ऐकायला हे सोपं वाटतं. भेंडीचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारनंतर मिटतं. ‘क्रॉस मारायचा’ असेल तर आदल्या संध्याकाळी उद्या उमलणारी कळी नेमकी ओळखावी लागते, तिच्या पाकळ्या अलगद बाजूला करून चिमट्यानं सगळे परागकोष काढावे लागतात, कळीवर कागदी पिशवी चढवावी लागते. एक परागकोष राहिला तरी कळी स्वतःच फळते आणि मेहनत फुकट जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावायचे, पुन्हा पिशवी, दोऱ्याला चिठ्ठी. आणि एवढं करूनही जंगली जातीशी केलेला संकर पुरता फळत नाही. जांभळे-नेरकरांची संकरित रोपं रोगाला दाद देत नव्हती, पण ती अर्धवटच फळणारी होती. त्या थोड्या दाण्यांवर पुढच्या पिढ्या वाढवायच्या, भेंडीशी पुन्हा बॅकक्रॉस करायचा, म्हणजे संकरित रोपाचा मूळ भेंडीशीच परत संकर करायचा, आणि प्रत्येक पिढीत पिवळं झाड किती, हिरवं किती हे मोजत राहायचं. तुमची लेक आज उन्हात जे मोजते आहे, ते हेच.

त्या मोजणीतून त्यांना दिसलं की मॅनिहॉटमधली प्रतिकारशक्ती एकाच प्रभावी जनुकावर चालते, म्हणजे आईबापांपैकी एकाकडून आला तरी गुण दिसतो. हा निबंध १९८१ मध्ये ‘थिऑरेटिकल अँड अप्लाइड जेनेटिक्स’ या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आला. शेतकऱ्याच्या दृष्टीनं याचा अर्थ असा : गुण दहा-वीस जनुकांवर विखुरलेला असता तर तो जंगली झाडातून भेंडीत आणताना निम्मा वाटेतच गळाला असता. एकाच जनुकाचा असेल तर तो धरून ठेवता येतो, बाकीचा जंगलीपणा पिढ्यानपिढ्या निवडीनं काढून टाकता येतो. त्यांनी ते करून दाखवलं आणि त्यातूनच ‘परभणी क्रांती’ निघाली. १९८६ मध्ये अमेरिकेच्या ‘हॉर्टसायन्स’मध्ये ‘परभणी क्रांती’ची माहिती आली. फक्त दोन पानं आहेत ती. भेंडीच्या हळद्यावर आज कुणीही गंभीरपणे लिहायला बसलं की या दोन निबंधांपाशी त्याला यावंच लागतं.

सगळे त्यांच्याशी सहमत झाले असंही नाही. इतरांनी वेगळ्या जाती घेऊन हेच प्रयोग केले तेव्हा काहींना एक नव्हे, दोन जनुकं दिसली. हा वाद अजून चालू आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो, कारण ज्या कामाला कुणी विचारत नाही ते खोडायला कोण कशाला वर्षं घालवील? बंगळुरूच्या बागायती पिकांच्या संशोधन संस्थेनं पुढे ‘अर्का अनामिका’ काढली, तीही जंगली भाऊबंदाशी संकर करूनच.

त्या गृहस्थांना आणखी नावं हवी असतील तर सांगा. कापसाचा ‘नांदेड ४४’ संकर याच विद्यापीठाचा, एके काळी कोरडवाहू कापूस म्हटलं की शेतकरी त्याचंच नाव घ्यायचे. बदनापूरच्या केंद्राची ‘बीडीएन ७११’ तूर लवकर निघते, पाऊस लवकर गेला तरी पदरात काही पडतं. ‘एमएयूएस १६२’ सोयाबीन यंत्रानं काढता येतं. आणि २०१८ मध्ये इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेच्या जोडीनं आलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी. साध्या ज्वारीत किलोमागे सुमारे ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम जस्त असतं, हिच्यात ४५ आणि ३२. ज्या भागात भाकरीवर दिवस निघतो तिथल्या लेकुरवाळ्या बायकांसाठी हे किती मोठं आहे, ते मला शब्दांत नीट सांगता येणार नाही. विद्यापीठाचं मोल निबंधांच्या संख्येवर ठरवणाऱ्यांनी एकदा १८ मेला, विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, परभणीच्या खरीप मेळाव्यात बियाण्याची रांग बघावी.

आता तुमच्या वावराचं. ‘परभणी क्रांती’ची प्रतिकारशक्ती बऱ्याच भागांत तुटली आहे. विषाणू बदलत राहतो, पांढरी माशीही वाढली. त्यामुळे उन्हाळी आणि खरीप लागवडीत, जिथे माशीचा जोर असतो, तिथे केवळ या जातीच्या नावावर भरवसा ठेवू नका. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून सध्या टिकणारी जात घ्या. घरच्यापुरती परसात लावायची असेल तर जरूर लावा. ती सरळ वाण आहे, बी घरी धरता येतं. फक्त बियाण्यासाठी निरोगी झाडंच राखा. कुठलीही जात लावा, सुरुवातीच्या महिन्या-दीड महिन्यात पिवळं झाड दिसलं की लगेच उपटून वावराबाहेर काढा आणि बांधावरचं तण ठेवू नका, माशी तिथेच दडते.

लेकीला माझा निरोप द्या. १९८१ चा निबंध ग्रंथालयातून काढून आधी तक्ते वाच म्हणावं, मजकूर मागून. तिच्या प्लॉटमध्ये ज्या लाईन, म्हणजे चाचणीला लावलेले वाण, पिवळ्या पडल्या त्यांचेही आकडे प्रबंधात पूर्ण दे, गाळू नको. प्रतिकारशक्ती कुठे तुटते हे त्याच लाईन सांगतात, आणि पुढच्याला तेच हवं असतं. पांढऱ्या माशीची मोजणी सकाळी लवकर कर, ऊन चढलं की ती हात लावताच उडते. झाडाचं वरचं, मधलं आणि खालचं अशी तीन पानं घे, पान न तोडता हळूच उलटून बघ.